मटका गळ्याला चुण्या (बी विंग लेडीज ग्रुप, रात्री साडेनऊनंतर)

बी-४०२ : कोणी जागं आहे का गं, गौरीच्या सणाला घालायला खणाचा ब्लाउज घरीच शिवायला घेतलाय, मागून मटका गळा (मडक्याच्या आकाराचा) काढला, व्हिडिओ तीनदा थांबवून थांबवून बघितला तरी पट्टी शिवून आत उलटवल्यावर गळ्याभोवती अशा चुण्या पडल्यात की बघवत नाही. फोटो टाकते. साधा गोल गळा मला येतो ओ नीट, ह्यालाच काय झालं

बी-२०३ काकू : फोटो बघितला. शिवल्यावर धुतलास का?

बी-४०२ : नाही काकू, आत्ताच उलटवला, नुसती इस्त्री फिरवली

बी-२०३ काकू : आणि अस्तर कापायच्या आधी भिजवलं होतंस?

बी-४०२ : हो रात्रभर बादलीत होतं

बी-२०३ काकू : मग अस्तर आटलेलं नाही. शिवण्यातच काहीतरी आहे

सी-१०१ : एवढं काय त्यात, वरून गोल्डन लेस मार, सगळं झाकलं जातं. मी तेच करते

बी-२०३ काकू : नको हं. लेस सरळ पट्टी असते, वळणावर ती एका कडेला ताणते नाहीतर दुसऱ्या कडेला गोळा होते. चुण्यांवर चुण्या. लेस लावायची तर गळा आधी सपाट बसलेला पाहिजे

बी-२०३ काकू : आतली बाजू दाखव

बी-४०२ : पाठवला फोटो. टिपेबाहेरच्या कापडाला कट दिलेत मी पण चारच, टीप तुटेल म्हणून भीती वाटते

सोसायटी ऑफिस : उद्या टाकी साफ करणार, सकाळी ११ ते २ पाणी बंद राहील. कृपया पाणी भरून ठेवावे.

बी-२०३ काकू : हे बघ आता नीट वाच, मी चष्मा लावून टाइप करतेय. मटका म्हणजे मान अरुंद आणि पोट मोठं, तर ह्या गळ्याला दोन उलटी वळणं असतात. पोटाच्या गोलाईत आतलं मार्जिन, म्हणजे टिपेबाहेर उरलेलं कापड, उलटवलं की त्याला कापड कमी पडतं, ते पसरायला पाहिजे, म्हणून तिथे सरळ कट द्यायचे, जवळजवळ, अर्ध्या अर्ध्या इंचावर. आणि मानेपाशी जिथे कापड गळ्यात आत घुसतं तिथे उलटं होतं, मार्जिन उलटवल्यावर कापड जास्त होतं आणि आत गोळा होतं, तिथे सरळ कटाने भागत नाही, छोटा त्रिकोणी घास काढून टाकायचा. तू चारही कट पोटाला दिलेस आणि मान तशीच सोडलीस. तुझ्या चुण्या बघ, सगळ्यात जास्त मानेलाच आहेत

बी-४०२ : अय्या खरंच की!! व्हिडिओत नुसतं कट मारा कट मारा एवढंच बोलत होत्या

बी-२०३ काकू : मार्जिन पण अर्धा इंच दिसतंय. पाव इंच ठेव. कट टिपेच्या एक धागा अलीकडे थांबव, भीती वाटत असेल तर वळणावर टाका बारीक करून त्याच टिपेवरून पुन्हा एकदा टीप मार, मग कट

ए-६०१ ताई : काकू म्हणतायत ते बरोबरच, पण मला त्यात कॅनव्हास (गळ्याला आतून लावायचं कडक कापड) जाड वाटतोय. मी खणाला कॅनव्हास लावतच नाही, खण मुळातच कडक असतो

बी-२०३ काकू : खण कडक असला तरी त्याचे धागे सुटतात गं, एवढे कट दिल्यावर दोन धुण्यांत गळा विस्कटेल. कॅनव्हास हवा, पण पातळ, आणि शिवणीच्या मार्जिनमध्ये घ्यायचा नाही, गळ्याच्या रेघेला टेकवून पट्टीला चिकटवायचा

ए-६०१ ताई : मार्जिनमध्ये नको हे मान्य. पण मी तरी पातळ अस्तराचीच पट्टी लावते, माझे टिकलेत बाई

बी-२०३ काकू : तुझे गोल गळे असतात. पानासारखा टोकदार पानगळा केलास तर सांग, त्या टोकाला कट टिपेपर्यंत नेला नाही तर टोक बोथट होतं आणि नेला तर कापड उसवतं, तिथे कॅनव्हासच वाचवतो

बी-४०२ : तुम्ही दोघी भांडू नका, मी उसवत नाहीये आता. आतूनच कट देते. अजून एक, घालून बघितला तर खांदा घसरतोय

ए-६०१ ताई : मागे किती खोल घेतलास

बी-४०२ : ९ इंच. पुढे ७

ए-६०१ ताई : दोन्हीकडून खोल घेतलास मग खांद्याला धरायला काही राहिलंच नाही. मागे ९ तर पुढे साडेपाच-सहा बास. आता कापलंच आहेस तर दोरी लाव, खांद्यापासून दीड-दोन इंच खाली. दोरी फक्त लटकन मिरवायला नसते, ती दोन्ही खांदे आत ओढून धरते. दोरीचं कापड उरेबमध्ये काप, सरळ कापलंस तर गाठ सारखी सुटेल

सी-१०१ : उरेब म्हणजे?

ए-६०१ ताई : तिरपं गं, क्रॉस पट्टी. पायपिंगला घेतो तीच

बी-४०२ : क्रॉसला कापडच नाही उरलं. कर्नाटकात इलकलला गेलो होतो तेव्हा तिथून जवळच्या गुळेदगुड्डहून हा खण आणलेला, पन्हा (कापडाची रुंदी) एवढासा, बाह्या कशाबशा बसवल्या

बी-२०३ काकू : मग साडीच्या फॉलच्या रंगाची सॅटिनची दोरी मिळते तयार, ती आण. खणाचा हट्ट कशाला

(दहा चाळीसला)

बी-४०२ : काकूऽऽ बसला!!! फोटो बघा. मानेचे त्रिकोण काढले, इस्त्रीआधी पट्टी आत वळवून कडेला टीप मारली, एकसुद्धा चुणी नाही

सी-१०१ : वा मस्त. माझा पण शिवून दे

बी-२०३ काकू : छान बसलाय. इस्त्री आतल्या बाजूने कर, सरळ बाजूने चकाकी जाते

बी-२०३ काकू : अगं पण डाव्या बाहीवरचं डिझाइन खाली डोकं वर पाय आहे का? की माझा मोबाईल उलटा आहे

बी-४०२ : …

ए-६०१ ताई : उलटंच आहे काकू

बी-४०२ : पदर त्याच खांद्यावर येणार आहे. गुड नाइट