२१ च्या फॅक्टोरियलचं उणे उत्तर

तुमच्या कॅल्क्युलेटर प्रोग्राममध्ये २० चं फॅक्टोरियल (१ ते २० या सगळ्या संख्यांचा गुणाकार) बरोबर येतं आणि २१ ला उत्तर उणे येतं, असं तुम्ही लिहिलंय. चूक तुमच्या गुणाकारात नाही, मापात आहे. ६४ बिटांच्या (शून्य-एकच्या ६४ घरांच्या) चिन्हासहित, म्हणजे अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या, पूर्णांकात ९२२३३७२०३६८५४७७५८०७ च्या पुढे जागाच नाही; त्यापुढचं २१ चं उत्तर उलटून उण्यात जातं.

गेल्या पावसाळ्यात देवगडला विजेचा लपंडाव चालू असताना मी असाच, पण कितीही मोठ्या संख्या झेपणारा कॅल्क्युलेटर लिहीत बसलो होतो. युक्ती अशी: उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे गट पाडा, प्रत्येक गट अ‍ॅरेच्या एकेका घरात ठेवा (अ‍ॅरे म्हणजे ओळीने मांडलेली घरं). दोन गटांचा गुणाकार हातच्यासकट ६४ बिटांत आरामात मावतो. बाकी सगळा शाळेतला उभा गुणाकार.

माझी फजिती झाली ती छापताना. १००००००००५ च्या जागी स्क्रीनवर १५! घरांत १ आणि ५ बरोबर होते, पण मधली शून्यं छापणार कोण? डावीकडचा पहिला गट सोडून बाकीचे पुढे शून्यं भरून नऊ अंकी छापायचे, एवढंच. त्यात दोन तास गेले, आणि आईने आणून ठेवलेली घावणं पार वातड झाली.

गणितात कंस आले तर त्यांच्यासाठी दोन स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशा चळती) पुरतात, एक आकड्यांचा, एक चिन्हांचा. मोठ्या संख्यांच्या झटपट गुणाकाराची कारात्सुबाची रीत (१९६०) आहे, तिच्या मागे इतक्यात लागू नका. भागाकार मात्र शेवटी घ्या, तो रडवतो.