घर तिच्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. मग सही अडवायचा हक्क कोणाचा?

बेसाकर :
मंडळी, २०२२ मध्ये नागपूरच्या बेसा भागात ४६ लाखांचा फ्लॅट घेतला. घर बाईच्या एकटीच्या नावावर असलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, म्हणून हिच्या नावावर केला. ४६ हजार वाचले, त्यात किचनच्या ट्रॉल्या झाल्या. हप्ता ३३ हजार, माझ्या पगारातून जातो. ही घरी शिकवण्या घेते, ते पैसे तिचेच.

आता बुटीबोरीची नोकरी सोडून घरांवर सोलर बसवायची एजन्सी घ्यायची आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत घरोघरी कूलर फिरतो त्या गावात हा धंदा नाही चालणार तर कोणता चालणार? तीन किलोवॅटला सरकार ७८ हजार सबसिडी देऊन राहिलं. बँक घरावर १० लाखांचा टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, द्यायला तयार आहे. पण मालकाची सही पाहिजे, आणि मालकीण म्हणते, "मी नाही करत."

तीन आठवडे झाले. भांडण नाही, आवाज नाही. डबा वेळेवर भेटते. फक्त सही भेटत नाही. आपल्याच घरात भाडेकरू असल्यासारखं वाटून राहिलं. चुकलो का मी?

तर्री जास्त :
चुकलास ना बे. एक टक्क्यापायी शंभर टक्के देऊन बसला. ज्याचा पैसा त्याचा शब्द, एवढा साधा हिशेब आहे. आणि आता विकायचं म्हटलं तरी १५ वर्षं पुरुषाला विकता येत नाही, माहीत आहे का?

वजाबाकी :
ती १५ वर्षांची अट २०२३ मध्येच निघाली. अर्धवट माहिती देऊ नका.
बेसाकर, हिशेबाचंच बोलायचं तर तुम्ही दुसरीकडून हरलात. घर तुमच्या नावावर नाही, म्हणजे जुन्या कररचनेत व्याजाची वजावट मागताना तुम्हालाच अडचण येणार. ४६ हजार एकदाच वाचले. वजावट दर वर्षी जाते. हे रजिस्ट्रीच्या आधी कोणाला विचारायचं असतं.
दुसरं, मालक आहे म्हणजे कर्जावरही तिचं नाव असणारच. तुमची एजन्सी बसली आणि हप्ते थकले तर सिबिल, म्हणजे बँकेतली पत, दोघांचं खराब होईल. त्यामुळे "हप्ता माझा" म्हणता ते अर्धंच खरं. पैसे तुमचे, पण मान तिचीही अडकलेली आहे.

गोकुळपेठची काकू :
बेटा, माझ्या आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या. बाबांनी संत्र्याचा ट्रक घ्यायचा म्हणून इतवारीच्या सराफ्यात गहाण टाकल्या. आईला कोणी विचारलं नाही, तिची सही कुठेच लागत नव्हती. तिने फक्त हातातून काढून दिल्या. ट्रक दोन हंगाम चालला. पाटल्या परत आल्या नाहीत. आई हयात असेपर्यंत पोहे करताना रिकामं मनगट चोळायची, सवयीने.
स्त्रीधन बाईचंच असतं, नवऱ्याकडे ते फक्त सांभाळायला असतं, असं सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये सांगितलं. आमच्या घरी ती बातमी उशिरा पोचली म्हण. तुझ्या बायकोची सही लागते, हे चांगलंच आहे.

उलटतपासणी :
काकू, वाईट वाटलं. पण त्या काळच्या पाटल्यांचं बिल आजच्या नवऱ्याच्या नावावर कशाला?
क्षणभर उलटं करून पाहा. घर नवऱ्याच्या नावावर, हप्ता बायकोच्या पगारातून. तिला पार्लर टाकायचं आहे आणि नवरा सही करत नाही. इथल्या अर्ध्या ताया "आर्थिक छळ" म्हणून तुटून पडल्या असत्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ लिहिलेलाच आहे, फक्त तो बाईसाठी. पुरुषाने काय करायचं? कूलरसमोर बसून घाम पुसायचा?

दीक्षाभूमीजवळची :
पार्लरचं उदाहरण मला पटलं, खोटं नाही बोलणार. तिथे मी तुटून पडले असते. पण हप्ता जिचा ती आणि घर ज्याचं तो, यात कोण कोणाला अडवू शकतं हे आधी पाहिलं असतं. नाही म्हणणं म्हणजे छळ नाही. घरखर्च बंद करणं, पगार काढून घेणं, हा छळ.
आणि याच शहरात २० जुलै १९४२ ला दलित वर्ग महिला परिषदेत बाबासाहेब काय म्हणाले होते? लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याच्या पाठीशी उभं राहावं, पण मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून. दासी म्हणून नाही. आमच्या आजीला ते भाषण पाठ होतं.

तर्री जास्त :
पाठीशी उभं राहा म्हणाले ना? मग ही कुठे उभी आहे?

दीक्षाभूमीजवळची :
मैत्रीण "हो जी" म्हणायला नसते भाऊ.

वजाबाकी :
बेसाकर, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या पगाराच्या खात्यात काय येतं, काय जातं, हे तिला दिसतं का? जुलै २०२४ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाच्या न्या. नागरत्ना यांनी भारतीय नवऱ्यांना मुद्दाम सांगितलं होतं की गृहिणीला संयुक्त खातं द्या, एटीएम कार्ड द्या. ते वाचून मी स्वतः घरी जाऊन बायकोचं नाव खात्यावर टाकलं. माझं लग्न तेव्हा १९ वर्षांचं झालं होतं. लाज वाटली.

बेसाकर :
नाही दिसत. विचारलंच आहे तर सगळं सांगून टाकतो.
मागच्या वर्षी शेअर बाजारात ऑप्शन्समध्ये २ लाख ८० हजार गेले. घरी सांगितलं की कंपनीने पगार रोखला. फोन चार्जिंगला होता, ब्रोकरचा मेसेज हिने वाचला. काही बोलली नाही. त्या टर्मची पोराची फी शिकवणीच्या पैशातून भरून आली, पावती फ्रिजवर लावली. मला वाटलं, विषय संपला.

उलटतपासणी :
अरे बापा. हे पहिल्या पोस्टमध्ये काऊन नाही लिहिलं?

वजाबाकी :
तुम्ही एकटे नाही म्हणा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १०० पैकी ९३ जणांनी तीन वर्षांत पैसे घालवलेले दिसले. पण त्यातल्या किती जणांनी पगार रोखल्याची गोष्ट रचली, ते सेबी मोजत नाही.

उलटतपासणी :
माझं मत तरी अर्धंच बदललं. खोटं बोलला ही चूक. पण एका चुकीवरून माणसाचा पुढचा प्रत्येक विचार बाद होत नाही. सोलर हा सट्टा नाही, धंदा आहे. तिने निदान कागद तरी पाहावे.

गोकुळपेठची काकू :
कागद दाखवले का तिला?

बेसाकर :
नाही काकू. फक्त बँकेचा फॉर्म समोर ठेवला होता, पेन्सिलने फुली मारून, कुठे सही करायची ते.

गोकुळपेठची काकू :
हं.

बेसाकर :
अपडेट. काल रात्री गच्चीत पाणी मारताना सरळ विचारलं, विश्वास नाही का? म्हणाली, "तुम्ही मला रजिस्ट्री ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसवलं, अंगठा घेतला. मला वाटलं, यांनी माझ्यासाठी घर घेतलं. येताना गाडीवर मेडिकल चौकापासून घरापर्यंत तुम्ही ४६ हजार, ४६ हजार करत होता." थोडा वेळ नळच चालू राहिला. मग म्हणाली, "ते मला सूट म्हणून दिलं होतं ना? मी घर म्हणून घेतलं."
यावर मले काही सुचलं नाही.

तर्री जास्त :
ते सोड. सही केली का?

बेसाकर :
नाही. शनिवारी वाडीला एजन्सीवाल्याकडे दोघं जाऊन राहिलो. नोकरी सोडल्यावर पहिले सहा महिने हप्ता कुठून येणार, हे आधी लिहून मागितलं आहे तिने. आणि तिथे प्रश्न तीच विचारणार म्हणते, मी फक्त गाडी चालवायची.

तर्री जास्त :
गेला हा पोट्टा कामातून.