गरोदरपणात लस घ्यावी का?

रानजाई: पोटात बाळ असताना अगदी लागेल तेवढंच औषध घ्यावं, या मताची मी आहे. साधी डोकेदुखीची गोळी घेतानाही आपण दहादा विचार करतो, मग ठणठणीत बाईने लस कशाला टोचून घ्यायची? गरोदरपणातल्या मळमळीवरचं थॅलिडोमाइड हे औषधसुद्धा 'सुरक्षित' म्हणूनच देत होते. १९६१ मध्ये ते बाजारातून काढायला सुरुवात झाली, तोवर हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती.

पहाटवारा: थॅलिडोमाइड गरोदर बायकांवरच्या परिणामांचा धड अभ्यास न करताच दिलं गेलं. धनुर्वाताची लस मात्र त्या कित्येक दशकं घेताहेत. १९८८ मध्ये जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१८ मध्ये तो आकडा २५ हजारांवर आला. स्वच्छ बाळंतपणाचा त्यात वाटा आहेच, पण लसीचाही मोठा आहे.

आणि डांग्या खोकला? बाळाला स्वतःची पहिली लस मिळते दीड-दोन महिन्यांची झाल्यावर, आणि जीव जायचा धोका सर्वांत जास्त असतो पहिल्या काही महिन्यांतच. इतक्या तान्ह्या बाळाला कधीकधी खोकलाही येत नाही, नुसता श्वास थांबतो. आईने सातव्या-आठव्या महिन्यात लस घेतली, की तिची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, वारेतून बाळापर्यंत पोचतात. बाळंतपणानंतर ती वाटच उरत नाही.

रानजाई: मग कोविड लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना का वगळलं? आधी वगळायचं, मग 'घ्या' म्हणायचं. विश्वास कसा ठेवायचा?

शिंपला: हा राग रास्त आहे. वगळल्यामुळे कितीतरी जणींना माहितीशिवाय निर्णय घ्यावा लागला. पुढे मोठ्या अभ्यासांत लसीमुळे गर्भपात वाढल्याचं दिसलं नाही. कोविडमुळे मात्र अतिदक्षता विभागात जायची आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता वाढली. सरसकट सगळ्या लसी चालतात असंही नाही. गोवर-रुबेला, कांजिण्यांच्या लसींत जिवंत विषाणू असतो, म्हणून त्या टाळतात. फ्लूची टोचायची लस चालते, नाकात फवारायची नाही.

रानजाई: धनुर्वात, डांग्या खोकला मान्य. पण लसीने ताप आला तर? पहिल्या तीन महिन्यांत मला तो धोका नको.

पहाटवारा: डांग्या खोकल्याची लस तशीही उत्तरार्धातच देतात. फ्लूची कोणत्याही महिन्यात चालते, आणि खऱ्या फ्लूचा ताप लसीच्या तापापेक्षा कितीतरी जास्त. ताप आलाच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येतं. आणि हो, डांग्या खोकल्याची लस दर गरोदरपणात नव्याने घ्यावी लागते, कारण आईच्या रक्तातली प्रतिपिंडं लवकर ओसरतात.