कोकणाचं पाणी हवंच, पण खाडीची तपासणी सैल करा ही मागणी मराठवाड्यानं करावी का?

सेलूकर (धागा सुरू करणारा)

परवा तालुक्याला पाणी परिषद झाली. पश्चिमवाहिनी, म्हणजे कोकणातून समुद्राला जाणाऱ्या, नद्यांचं पाणी गोदावरी खोऱ्यात लवकर आणा, हा विषय. इथवर माझं काहीच वेगळं म्हणणं नाही. पण शेवटी एक ठराव वाचला गेला: या प्रकल्पांना पर्यावरणाच्या आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, मंजुऱ्यांतून सूट मिळावी. सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. शेजारी बसलेल्या मामांनी विचारलं, "तुला पाणी नको का रे?" तिथं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

पाणी मलाही हवं. माझं शिवार दुधनेच्या काठाला आहे आणि मे महिन्यात ती नदी ओलांडताना माझी चप्पल भिजत नाही.

तरी हात का वर केला नाही, ते सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीसाठी जनसुनावणी होती. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत सगळं लिहिलेलं आहे: ३० दिवस आधी जाहीर सूचना, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मराठीत गोषवारा, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष. तसं सगळं होतंही. मांडव कारखान्याच्याच आवारात, पुढच्या चार रांगांत कारखान्याचेच कामगार. मी मागं बसून गोषवारा वाचत होतो. त्यात एका पानावर ओळ होती, ‘परिसरातील मुख्य पीक भात’. आमच्याकडं भात! जिथं ज्वारी, कापूस आणि सोयाबीनच्या पलीकडं रान जात नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्याचा अहवाल उचलून वर नाव बदललं होतं. मी उठून ते पान दाखवलं. साहेब म्हणाले, "नोंद घेतली." पाऊण तासात चहा फिरला आणि सुनावणी संपली. त्या नोंदीचं पुढं काय झालं, हे मला आजवर कुणी कळवलेलं नाही.

उद्या खाडीकाठचा एखादा माणूस असाच मांडवात बसून स्वतःच्या खाडीबद्दल खोटी ओळ वाचेल. इथं तर तेवढंही नको म्हणतायत. सुनावणीच नको. आणि हे सगळं मराठवाड्याच्या तहानेच्या नावावर. मला ते पटत नाही. तुमचं काय मत?

मांजराकाठ, लातूर

सेलूकर, तुमचा प्रामाणिकपणा मान्य. पण तुम्ही तहान बघितली नाही असं वाटतंय.

एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरायच्या जागी जमावबंदी लावली होती, १४४ कलम, पाण्यासाठी! आमच्या गल्लीत दारापुढच्या ड्रमांना कुलपं असायची. माझी आई रात्री दोनला उठून टँकरच्या नंबराला बसायची. बहिणीचं लग्न त्या उन्हाळ्यात पुढं ढकललं, कारण पाहुण्यांना पाणी कुठून द्यायचं?

आणि हक्काच्या पाण्याचं काय झालं तेही बघा. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा. मेंढेगिरी समितीनं २०१३ ला सूत्र दिलं, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांच्या खाली साठा असला तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून सोडा. तरी दर दुष्काळात कोर्टाची पायरी चढावी लागते. वरचे जिल्हे म्हणतात आमच्याकडं नाही, खालचे म्हणतात आमचं आहे. हे भांडण एकाच गोष्टीनं मिटेल, खोऱ्यात बाहेरून नवं पाणी आलं तर. ५० टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त पाण्याची योजना कागदावर आहे. तिला आणखी एक सुनावणी, आणखी एक समिती, आणखी एक हरकत लावायची? ज्यांच्याकडं वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्यांनी आम्हाला थांबा म्हणावं आणि आपल्याच माणसानं त्यांना दुजोरा द्यावा, याचं वाईट वाटतं.

निवृत्त शाखा अभियंता

३१ वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, म्हणून दोन गोष्टी हिशोबाच्या सांगतो. दोघांनाही लागू आहेत.

पहिली. ‘सीआरझेडमुळं पाणी अडलं’ हे आधी डोक्यातून काढा. घाटमाथ्यावरून पूर्वेकडं पाणी वळवायच्या दोन तऱ्हा. माथ्यालगतच्या ओढ्यानाल्यांचं पाणी उतारानं आणायचं, त्या प्रवाही वळण योजना. त्या स्वस्त असतात, पण पाणी थोडंच देतात. मोठं पाणी घाटाखाली आहे, ते शेकडो मीटर उचलून वर आणावं लागतं. त्याची वीज, त्याचं बिल, जमीन, बोगदे, पैसा, हे खरे अडसर आहेत. धरणाची जागा समुद्रापासून लांब आहे, सीआरझेडची रेघ तिथवर जातच नाही. मंजुरीतून सूट मागून तुमच्या गावात पाणी एक दिवस आधी येणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खाडीला सीआरझेड कुठपर्यंत धरायचं? १९९१ पासून अधिसूचना आहे, २०११ ला बदलली, २०१९ ला परत बदलली. समुद्राकाठी भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर. नदी-खाडीत जिथवर भरतीचा प्रभाव पोचतो तिथवर, आणि तो प्रभाव मोजायचा पाण्याच्या खारेपणावरून: सगळ्यात कोरड्या दिवसांत हजार भागांत पाच भाग क्षार जिथं सापडतात ती जागा. आता विचार करा. वरचं गोडं पाणी आपण काढून घेतलं तर ही पाच भागांची रेघ कुठं जाईल? नदीत वर सरकेल. म्हणजे धरण सीआरझेडच्या बाहेर आणि परिणाम सीआरझेडच्या आत. ज्या प्राधिकरणानं किनारा बघायचा त्याच्या टेबलावर धरणाची फाईल येण्याचं कारण नाही, आणि जे धरण तपासतात ते खाडीपर्यंत उतरत नाहीत. मला विचाराल तर तपासणी जास्त नाही, अर्धवट आहे.

लातूरकरांना एवढंच सांगतो, पावसाळ्यातल्या पुराचं पाणी उचलणं आणि डिसेंबरनंतरचा प्रवाह उचलणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पश्चिमेच्या नद्या जवळजवळ सगळं पाणी चार महिन्यांत देतात. ऑगस्टात घ्या, कुणाचं फारसं बिघडत नाही. पण ‘किती घेऊ’ बरोबर ‘कधी घेऊ’ हे कागदावर पाहिजे, आणि ते तपासणीशिवाय येत नाही.

पालघरातली बाई

मी मूळची केजची. ११ वर्षं झाली, वैतरणेच्या खाडीकाठी जिल्हा परिषद शाळेत आहे. आमच्या भागातले किती मास्तर इकडं आहेत आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघतात, ते तुम्हाला माहीतच असेल. म्हणून मला दोन्हीकडचं दिसतं. माहेरी आईनं तीन हंडे डोक्यावर आणलेले दिसतात आणि इथली विहीरही दिसते.

शाळेमागं विहीर आहे. दिवाळीत तिचं पाणी गोड. मार्च सरला की पोरं ओंजळ तोंडाला लावतात आणि थुंकतात. शाळेच्या पोषण आहाराची डाळ त्या पाण्यात शिजत नाही, दाणा टणक राहतो, म्हणून एप्रिलमध्ये स्वयंपाकाच्या मावशी लांबून पाणी आणतात. अभियंता साहेब म्हणाले ती रेघ, ती मला अशी समजते. आधीच ती गावाच्या उंबऱ्यात आहे.

"समुद्रात वाया जातं" असं मीही म्हणायचे. इथं आल्यावर एकदा वर्गात म्हणाले, तर सहावीतली मुलगी उठून म्हणाली, "बाई, वाया कसं? मग कोलंबी कुठं मोठी होईल?" तिचा बाप खाडीत जाळं लावतो. कोलंबीची पिल्लं गोड्या-खाऱ्या मिसळीच्या पाण्यात वाढतात, जिताड्याची पिल्लंही त्याच मिसळीत वाढतात, ओहोटीला पोरं चिखलातून निवट्या धरून आणतात. तिवराच्या झाडालाही नुसतं खारं पाणी पुरत नाही. आणि वैतरणा काही मोकळी वाहणारी नदी नाही. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, उपनदीवरचं तानसा, सगळं मुंबईच्या नळाला जातं. उरलेल्यावर ही खाडी जगते.

लातूरच्या दादांना मी दुजोरा देणारी वाटत असेन तर वाटू दे. पण इथल्या बायकांनी मला कधी मराठवाड्याला पाणी देऊ नका असं म्हटलेलं नाही. त्या विचारतात, आम्हाला कधी विचारणार?

जालना मोंढा

पाणी बाजूला ठेवू, मी बंदराचं बोलतो, कारण हीच तपासणी तिथंही आहे.

आमच्याकडं ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून लांबच्या माल-बंदराची, पायाभरणी २०१५ ला झाली. स्टील, बियाणं, मोसंबी, सगळा माल समुद्रावर न्यायचा तर मुंबईच्या गर्दीतून. पालघर जिल्ह्यात वाढवणला मोठं बंदर होतंय, ७६ हजार कोटींहून जास्त, ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी. पण १९९८ ला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं तिथल्या बंदराला नाही म्हटलं होतं आणि २०२३ ला त्याच प्राधिकरणानं अटी घालून हो म्हटलं. मधली २५ वर्षं कुणाची गेली? ज्याच्या पोराला जालन्यात काम मिळालं असतं त्याची गेली. मुंबईचा सागरी किनारा रस्ताही तसाच. जुलै २०१९ ला हायकोर्टानं मंजुरी रद्द केली, डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू. मधले पाच महिने यंत्रं नुसती उभी. तपासणी हवी, पण ती एकदाच, मुदतीत आणि शेवटची हवी. दर वळणावर नवी हरकत असेल तर पैसा लावायला कुणी येणार नाही.

सेलूकर

मोंढेवाले भाऊ, एकदाच आणि मुदतीत, हे मान्य. पण किनारा रस्त्याचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. हायकोर्टाचा आक्षेपच हा होता की आवश्यक पर्यावरण मंजुरी घेतली नाही आणि अभ्यास अपुरा होता. आधीच नीट केलं असतं तर कोर्टात जायला कुणाला कारण उरलं नसतं. आणि वाढवणला समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे. एवढी नवी जमीन समुद्रात उभी करताना शेजारच्या मच्छीमाराला किती वेळ द्यायचा, याचा हिशोब आपण जालन्यात बसून मांडू नये.

नाथसागर काठ, पैठण

सगळे समुद्रावर बोलताय, मी घरचं सांगतो. आमचं घर भोयांचं. थर्माकोलच्या चप्पूवर बसून आजही जाळं टाकतो. आमच्या आजोबांचं गाव जायकवाडीत गेलं. १९६५ ला पाया, १९७६ ला लोकार्पण, मधल्या काळात कुणी सुनावणी घेतली नाही, तेव्हा तसा कायदाच नव्हता. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात आम्हाला पाणी मिळालं, मासा मिळाला, पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळपेरीत हरभरा-कलिंगड मिळालं.

आता त्या पाण्यावर तरंगता सोलर येतोय, हजार मेगावॅटहून मोठा. हे १९८६ पासूनचं पक्षी अभयारण्य. पण सोलरला पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणी नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, पण सिंचनासाठी बांधलेला तलाव त्यातून वगळलाय. सीआरझेड तर इथं नाहीच. मच्छीमारांनी हरित लवादात धाव घेतली, मग सुप्रीम कोर्टात, २०२५ ला तिथंही अपील फेटाळलं गेलं. कोर्टानं दिला तो निकाल. पण प्रकल्पाआधी कुणी अधिकारी काठावर येऊन आमच्या चप्पूंची जाण्या-येण्याची वाट कुठली, हे विचारून गेला नाही.

म्हणून म्हणतो, सूट मागायचा ठराव करणाऱ्यांनी आधी पैठणला यावं. सूट मिळालेला काठ कसा असतो, तो आमच्याकडं आहे.

मांजराकाठ, लातूर

पैठणच्या भावांचं वाचून थांबलो. खरं सांगतो, हे मला माहीत नव्हतं. गाळपेरीवर आमच्या मावशीचंही घर चालतं.

तरी माझी शंका जात नाही. तुम्ही सगळे शहाणपणाचं बोलता आणि त्यात वर्षं जातात. पालघरच्या ताई, त्या पोरीची कोलंबी मला मान्य. पण माझ्या आईचं वय आता पंच्याहत्तर आहे. तपासणी हवी म्हणणाऱ्यानं तपासणी कधी संपेल तेही सांगावं.

सेलूकर

बरोबर आहे. सूट मागण्याऐवजी मी ठराव असा मांडतो, बघा:

‘पश्चिमवाहिनी नद्यांच्या वळण प्रकल्पाची तपासणी घाटमाथ्यापासून खाडीच्या मुखापर्यंत एकाच अहवालात व्हावी. पाणी कोणत्या महिन्यांत उचलणार ते त्यात लिहावं. सुनावणी खाडीकाठीही व्हावी आणि गोदाकाठीही, गोषवारा त्या त्या ठिकाणचा असावा.’

मांजराकाठ, लातूर

तारीख नाही. तारीख टाका, नाहीतर मी सही करणार नाही.

निवृत्त शाखा अभियंता

खारेपणा दोन उन्हाळे आणि एक पावसाळा मोजला तर रेघ सापडते. मोजणी या जानेवारीला सुरू केली तर पुढच्या वर्षी जूनपर्यंत आकडे हातात. त्याआधी बोगद्याची निविदाही निघत नाही, म्हणजे वेळ वाया जात नाही.

पालघरातली बाई

शाळेमागच्या विहिरीचं पाणी दर पंधरवड्याला मोजायला आमची आठवी तयार आहे. उपकरण कुठलं घ्यावं तेवढं साहेबांनी सांगावं.

सेलूकर

जूनची तारीख टाकली. रविवारी तालुक्याला मामांकडं ठराव घेऊन जातो, लातूरकर, तुम्हीही या.

मांजराकाठ, लातूर

येतो. पण जून उलटला तर सूट मागणारा जुना ठराव मी परत मांडणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.