टाचणात निष्पत्ती लिहिली, पण तास तर तसाच होतो. तिसरीच्या वजाबाकीचं काय करावं?

पाटीपेन्सिल
इयत्ता तिसरी, पट 24. टाचणात (रोजच्या पाठाच्या आखणीत) अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शेवटी मुलाला काय यायला हवं ते, उतरवायची, खाली पान क्रमांक टाकायचा आणि शिकवायचं नेहमीसारखंच, असं चाललंय. सध्या तीन अंकी हातच्याची वजाबाकी सुरू आहे. निष्पत्ती धरून तास प्रत्यक्षात आखायचा कसा? आणि निष्पत्ती 999 पर्यंत म्हणते, निपुण भारत या सरकारी अभियानाच्या लक्ष्यात तिसरीला 9999. कोणतं धरायचं?

खडूफळा
मॅडम, उलटीकडून सुरू करा. मुलाने काय करून दाखवलं म्हणजे निष्पत्ती साधली, ते आधी ठरवा. ही निष्पत्ती एका तासाची नाही, सहज आठ-दहा तास खाते. तिच्या पायऱ्या पाडा: 52 − 27, मग 364 − 128 (दशक सुटा करून), 425 − 163 (शतक सुटं करून), 532 − 278 (दोन्ही), शेवटी 302 − 148.

पहिल्याच दिवशी ही पाचही गणितं पाटीवर द्या, काही न शिकवता. चुकलेली उत्तरं पुसू देऊ नका, खरा माल तिथेच असतो. 302 − 148 चं उत्तर 154. कुणाचं 246 आलं, तर ते मूल वरखाली न बघता मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय. 144 आलं, तर शतक थेट एककाला दिलंय आणि दशकाच्या घरात 0 आणि 4 चे 4 केलेत. 164 आलं, तर शतकाचे दहा दशक केले, पण त्यातला एक एककाला गेला हे विसरलं.

या तिघांना एकच गणित फळ्यावर पुन्हा सोडवून दाखवण्यात अर्थ नाही. पहिल्याला काड्यांच्या गठ्ठ्यांवर 52 − 27 ला परत न्या. बाकी दोघांना खेळातल्या नोटा द्या: शंभराच्या तीन, रुपयाची नाणी दोन. एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून दहा नाणी. हातात उरतात 2 शतकं, 9 दशक, 12 एकक. तो 9 मुलाने स्वतः मोजलेला हवा. 'शून्य खोडून नऊ लिहा' असं सांगून टाकलं की तेच मूल 410 − 236 मध्ये एककाच्या शून्यावरही नऊ लिहितं.

गठ्ठासुटे
999 की 9999 या घोळात आकड्यापेक्षा क्रियापद बघा. एनसीईआरटी या केंद्रीय शिक्षण संस्थेच्या 2017 च्या निष्पत्तींत तिसरीला 999 पर्यंत वाचन, लेखन, तुलना आणि बेरीज-वजाबाकी आहे. 2021 च्या निपुण लक्ष्यात 9999 पर्यंत वाचायचं आणि लिहायचं आहे. चार अंकी वजाबाकी तिसरीकडून दोन्हीकडे मागितलेली नाही, तरी वर्गपाठाच्या वह्या तिनेच भरलेल्या असतात!

भाषेतही तेच. निपुण लक्ष्यात तिसरीला मिनिटाला किमान 60 शब्द वाचायचे आहेत, पण अर्थ समजून. नुसतं घड्याळ लावलं की मुलं ओळीच्या ओळी गाळून धावतात.

वर्गपाठ
खडूफळा सरांच्या पायऱ्या ठीक, पण शाब्दिक उदाहरण राहिलं. निष्पत्तीत 'दैनंदिन जीवनातील' हे शब्द आहेत आणि नेमके तेच गाळले जातात. 'एका गोणीत 302 नारळ, 148 विकले' हे सोपं. 'मीनाकडे 148 मणी, राजूकडे 302, राजूकडे किती जास्त?' इथे 'जास्त' दिसलं की मुलं बेरीज करतात. दोन्ही प्रकार हवेत.

नोंदीला एक आडवा कागद पुरतो: 24 नावं, सहा रकाने (पाच पायऱ्या, एक शाब्दिक). बरोबर असेल तर टिंब, चूक असेल तर मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं. नुसती फुली मारलीत तर दोन दिवसांनी काय चुकलं होतं ते कळत नाही.

पाटीपेन्सिल
मग टाचणात सलग आठ दिवस तीच निष्पत्ती लिहिली तर चालेल ना? शाळाभेटीला केंद्रप्रमुख आले की 'रोज तेच का?' विचारतात.

खडूफळा
चालेल. निष्पत्ती तीच, खाली त्या दिवसाची पायरी आणि शेवटच्या पाच मिनिटांत द्यायचं एक गणित लिहा. त्यांनी विचारलं की 24 नावांचा कागद पुढे करा.