मदत हवी आहे: रबाळेच्या गाळ्यात एसएस (स्टेनलेस स्टील) वेल्डिंगचा धूर कसा ओढावा?

रबाळे एमआयडीसीत २०×४० फुटांचा गाळा. ३०४ ग्रेडच्या पाइपांचं काम, रूटला (सांध्याच्या तळाच्या पहिल्या थराला) टिग, म्हणजे आरगॉन वायूच्या आवरणातलं वेल्डिंग, आणि वर ३०८एल वेल्डिंग रॉड, ३.१५ मिमी. वेल्डर दोन.

खरा त्रास रॉडचा. टिगपेक्षा त्याचा धूर कितीतरी जास्त आणि त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (कॅन्सरकारक). मागच्या भिंतीत १८ इंची एक्झॉस्ट आहे, पण तो धूर वेल्डरच्या तोंडावरूनच ओढतो. पेडेस्टल फॅन लावला की टिगचं आरगॉन उडतं (८-१० लिटर प्रति मिनिट सोडतो), पोरोसिटी (वेल्डमध्ये बारीक छिद्रं) येते. पावसाळ्यात शटर अर्धं खाली, मग विचारूच नका. आणि तोंडाला बांधलेला रुमाल या धुराला काही अडवत नाही.

म्हणून प्रत्येक टेबलावर हलता हूड (धूर ओढून घेणारं तोंड) लावायचा विचार आहे. आर्कपाशी ०.५ मीटर प्रति सेकंद ओढ धरली, तर ६ इंची हूडला १५ सेंमीवरून ताशी साधारण ४५० घनमीटर हवा लागते. तोच हूड ३० सेंमीवर गेला की १६५०!

प्रश्न:
दोन टेबलांना मिळून एकच सेंट्रिफ्युगल ब्लोअर घ्यावा की वेगवेगळे? लवचिक होज आणि दोन बेंड धरून किती स्टॅटिक प्रेशरचा (डक्टमधला अडथळा पार करायला लागणारा दाब) मागावा?

डक्ट ५ इंची पुरेल का? ६ इंचीत वेग जेमतेम ७ मीटर प्रति सेकंद येतो, धूळ आत साचेल अशी भीती.

पत्र्याला भोक पाडायला गाळामालक तयार नाही. फिल्टर लावून हवा आतच सोडणं एसएसच्या धुराला मला तरी पटत नाही. कुणी खिडकीतून डक्ट काढलाय का?

ठाणे-वाशीकडे हे बसवून देणारा माहीत असेल तर तेही सांगा.