बेसबॉलमधल्या बारा वर्षांच्या पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) वेग कसा वाढवावा?

प्रश्न: मुलगा 12 वर्षांचा, न्यू जर्सीत लिटल लीग (मुलांचं संघटित बेसबॉल) खेळतो. फेकीचा वेग ताशी 55 मैलांवर अडकलाय. जड चेंडूंचा सराव द्यावा का?

उत्तर 1: एवढ्यात मुळीच नको! या वयात खांद्या-कोपराची हाडं टोकांशी अजून कूर्चेची असतात, जादा ताण आधी तिथेच बसतो. उंची वाढून स्नायू भरले की वेग बराचसा आपसूक चढतो.

उत्तर 2: तोवर फेक सुधारा. पुढचा पाय टेकताना चेंडूचा हात वर आलेला हवा. कंबर आधी वळावी, खांदे मागून. दोन्ही एकदम वळले की वेगही जातो आणि हातावर भार येतो.

उत्तर 3: पिच स्मार्ट (अमेरिकेतल्या तरुण पिचरांना दुखापत टाळण्यासाठीच्या सूचना) प्रमाणे या वयात दिवसाला कमाल 85 चेंडू, 66 किंवा जास्त टाकले तर 4 दिवस विश्रांती. कोपर आतल्या बाजूला दुखलं तर लगेच थांबवा.